एका खांबाची जागा

“अगं, हात आवर!” डाग उठून दिसावेत म्हणून वाळू भिजवायला पाण्याची झारी घेतलेला लामर्ट ओरडला. पण रूल्फीनच्या फावड्याने तोवर वाळूचा एक थर जास्तच तासला होता. आत्ताच दिसलेला काळा गोल डाग गेला. खाली नुसती पिवळी वाळू.

ड्रेन्ट प्रांतातल्या या माळावर बाराशे वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याचं लाकडी घर होतं. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गाई, वर एकच छप्पर. लाकूड केव्हाच कुजलं. जिथे खांब रोवला होता, तिथे तेवढा मातीत डाग उरला. असे डाग अलगद उघडे करून, मोजून कागदावर उतरवण्यात रूल्फीनचं आयुष्य गेलं होतं. उद्यापासून इथे रस्त्याचं काम सुरू, आणि ती निवृत्त. हे तिचं शेवटचं घर.

उत्खननाची प्रमुख वीत्स्के धावत आली. ती रूल्फीनच्याच हाताखाली शिकलेली.

“मावशी, जाऊ द्या. समोर जोडीचा खांब आहे, म्हणजे इथेही होताच. नकाशात गोल काढून मोकळ्या व्हा.”

“होता गं, मी पाहिला. पण मोजलाय कुठे?”

“कोण विचारतंय?” लामर्ट म्हणाला. “शेवटच्या दिवशी नावाला डाग कशाला? त्या गाईही तक्रार करायच्या नाहीत.”

“तू गप. झारीपेक्षा तुझ्याच तोंडाला भोकं जास्त.”

मग रूल्फीन हळू आवाजात म्हणाली, “त्या लोकांनी ओक तोडला, तासला, ओढत इथवर आणला. त्यांच्या घराला मी अंदाजाचा खांब लावू?”

तिने नकाशात ती जागा कोरी ठेवली. शेजारी लिहिलं, ‘तासताना माझ्या हातून गेला,’ आणि खाली सही केली. वीत्स्केने तिच्या पेन्सिलीला टोक तेवढं करून दिलं.

काम संपलं की एकेका डागावर एकेकाने उभं राहायचं, ही त्यांची रीत. शेजारच्या शेतांवरची माणसंही आली. दोन रांगा लागल्या, आणि उघड्या माळावर घर उभं राहिलं.

“मावशी, त्या मोकळ्या जागेत तुम्ही या!” फोटो काढायला शिडीवर चढलेली वीत्स्के म्हणाली.

रूल्फीन तिथे गेली नाही. समोरच्या, जोडीच्या डागावर ती ताठ उभी राहिली. दोन्ही खांबांवर टेकणाऱ्या तुळईचा सगळा भार आता एकटीवर आला असावा, तशी.