नाळेचे ठोके

प्रसूतिगृहात त्यांना सगळे फटाफटबाई म्हणायचे. बाळ बाहेर आलं की चिमटा, कात्री, एक घाव दोन तुकडे! दुसरी नर्स हातमोजे चढवेपर्यंत बाई बाळाला पुसून, गुंडाळून मोकळ्या. मग नवी डॉक्टरीण आली आणि तिने फर्मान काढलं, नाळेचे ठोके थांबेपर्यंत चिमटा लावायचा नाही, बाळाच्या वाट्याचं रक्त बाळाला मिळू दे. बाईंनी नाक मुरडलं. पण नाळ बोटांत धरून उभं राहता राहता तो ठोका त्यांना आवडायला लागला. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही, तो भाग वेगळा.

लेकीला दिवस गेले. ती आईला पुरती ओळखून होती.

“आई, माझ्या वेळी फटाफट चालणार नाही हं. मी म्हणेन तेव्हाच कापायचं.”

“बरं बाई, तू म्हणशील ती पूर्व दिशा.”

नववा महिना लागला आणि एका सकाळी लेक म्हणाली, बाळ कालपासून हललंच नाही. डॉक्टरीण सोनोग्राफीच्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिली. बाईंना काही विचारावं लागलं नाही. बाळ पोटातच गेलं होतं. तरी कळा द्यायच्याच होत्या, त्यातून लेकीची सुटका नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. दाट जावळ, नाक थेट आजीचं. रडणं तेवढं नव्हतं. बाईंनी सवयीने नाळ बोटांत धरली.

“ताई, तुम्ही बसा. मी कापते,” डॉक्टरीण हळूच म्हणाली.

“नको.”

लेकीने बाळाला छातीशी घेतलं. “आई, कापलं नाहीस ना?”

“नाही गं. ठरलं होतं ना आपलं.”

एरवी बाई ठोका थांबायची वाट पाहायच्या. आज तो सुरू व्हावा म्हणून वेड्यासारख्या वाट पाहत होत्या. इतकी वर्षं या कामात काढलेली, त्यांना कळत नव्हतं थोडंच! पण बोटं ऐकेनात. नाळ गार पडत गेली.

लेक बाळाच्या जावळावरून हात फिरवत राहिली. शेवटी तीच म्हणाली, “काप आता, आई.”

बाईंनी कात्री उचलली, परत खाली ठेवली. आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा फटाफटबाई म्हणाल्या, “थांब ना गं थोडं.”