निकिता पोचेपर्यंत केर नाही

घरातलं माणूस गावाला निघालं, की ते सुखरूप पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही, ही सिंधुबाईंच्या घरची सासूबाईंपासूनची रीत. आजवर तिचं ओझं कुणाला झालं नव्हतं, कारण द्वारका चौकातून गाडीत बसलेलं माणूस फार तर पुण्याला जायचं. यंदा लेक निघाली टोरांटोला. निकिताला निरोप द्यायला अख्खी गल्ली लोटली, आणि घरभर चिवडा, शेंगांची टरफलं, सुतळीचे तुकडे ठेवून गेली.

विमान मुंबईहून रात्री एकला. "सातला पोचतंय," सिंधुबाईंच्या यजमानांनी, रंगनाथरावांनी, तिकीट वाचून ठणकावलं होतं. त्या भरवशावर मुलासाठी, शेखरसाठी, सांगून आलेल्या उज्वलाच्या आईवडिलांना दुपारी तीनला घर बघायला बोलावलेलं.

सकाळचे नऊ वाजले तरी फोन नाही. सिंधुबाईंचा जीव टांगणीला लागला. शेवटी शेखरनं तिकीट ओढून घेतलं.

"अहो बाबा, हे सात तिकडचे. साडेबारा हजार किलोमीटर आहे. आपल्याकडे साडेचार वाजतील."

"मला वाटलं, विमान आहे, जात असेल लवकर," रंगनाथराव म्हणाले. आता कुणी कपाळावर हात मारायचा?

पाहुण्यांना उद्या बोलावू म्हणावं, तर जमत आलेली सोयरीक ढकलली की फिसकटते. शेखरनं गुपचूप झाडू उचलला. सिंधुबाईंनी तो हिसकावला.

"पोरगी ढगात आहे आणि तू केर काढतोस?"

"आई, माझं लग्न मोडेल."

"मोडू दे," त्या म्हणाल्या खऱ्या, पण नजर घड्याळावर गेली. दोन वर्षं जोडे झिजवून मनासारखी मुलगी मिळाली होती.

तीनला त्र्यंबकहून पाहुणे आले. उज्वलाच्या आईच्या, सखुबाईंच्या, पहिल्याच पावलाखाली टरफल कुर्रकन वाजलं. शेखरनं डोळे मिटले. रंगनाथराव सांडलेल्या चिवड्यावर पाय फाकवून पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. ते पाहून सिंधुबाईंना हसू फुटलं. तोंडाला पदर लावला, तरी आवरेना. शेवटी हसत हसतच त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सखुबाई हसल्या नाहीत. "आणि सून माहेरी निघाली तर?" त्यांनी एवढंच विचारलं.

"तरी हेच," सिंधुबाई म्हणाल्या.

सखुबाईंनी मान हलवली आणि पोहे खाल्ले. पसंती की नापसंती, काही कळायला मार्ग नव्हता.

साडेचारच्या पुढे फोन वाजला. "आई, उतरले गं," निकिता म्हणाली. सिंधुबाईंनी डोळे पुसले. पाहुणेही निघाले, आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच रंगनाथरावांनी झाडू आणून पुढं धरला. एवढ्या उलाढालीनंतर सिंधुबाईंचे हात नुसते शिवशिवत होते. त्यांनी झाडू घेतला, वाकल्या, आणि तशाच थांबल्या.

"काय झालं?"

"माणसं त्र्यंबकला पोचायची आहेत अजून," म्हणत त्यांनी झाडू दारामागं ठेवला.

चप्पल घालता घालता सखुबाईंनी मागं वळून पाहिलं. तेव्हा मात्र त्या खळखळून हसल्या.

"पोचल्या पोचल्या फोन करते, विहीणबाई," त्या म्हणाल्या.