दीड बोटाचा उतार

ताईचं सूप अजून निम्मंही संपलं नव्हतं, तोवर ती तिसऱ्यांदा खुर्चीत मागे सरकली. समोर बसलेल्या सुताराच्या डोक्यात तिडीक गेली. हॉटेलच्या मालकावर चिडावं की स्वतःवर, हे काही त्याचं ठरेना.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी चौतीस वर्षं उभी राहिली आणि कालच निवृत्त झाली. काय हवं विचारलं तर म्हणाली, "एकदा हॉटेलात निवांत बसून जेवायचंय. दोन तास. दुसरं कोणीतरी वाढेल, आणि मी जागची हलणार नाही." जन्मात मागितलं ते एवढंच. आणि हॉटेल कुठलं निवडावं, तर हेच. भावाने केलेल्या खुर्च्या होत्या ना इथे.

होत्याच. चांगल्या चाळीस. मालकाने सहा महिन्यांपूर्वी वडिलांचं हॉटेल हातात घेतलं आणि नव्या खुर्च्या सांगितल्या. पुढचे पाय दीड बोट आखूड ठेवायचे. डोळ्यांना दिसत नाही, पण माणूस हळूहळू पुढे घसरतो, पायांनी तोल सावरून कंटाळतो आणि अर्ध्या तासात उठतो. टेबल मोकळं. सुताराने मान डोलावली. घरची रीत अशी, की केलेल्या प्रत्येक खुर्चीवर आधी स्वतः बसून सावकाश एक चहा प्यायचा, मगच ती गिऱ्हाइकाला द्यायची. या चाळिसातल्या एकीवरही तो बसला नव्हता. बसला असता तर देववल्या नसत्या, म्हणून बसला नाही. असला शहाणा.

"खुर्ची छानच आहे रे छोट्या," ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माझंच अंग मेलं कामातून गेलंय."

सुतार सूप ढवळत राहिला. जेवण आलं. ताईने दोन घास खाल्ले, पुन्हा घसरली, आणि मग ताट हातात घेऊन सरळ उभी राहिली.

"उभ्यानेच जेवते. सवय आहे मला."

तिथे मात्र त्याचा बांध फुटला.

"तुझ्या अंगाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "खुर्ची मुद्दाम तशी केलीय. माणसं लवकर उठावीत म्हणून. मीच केलीय."

ताईने ताट खाली ठेवलं. सुतार तरातरा गल्ल्यापाशी गेला. मालक तिथे जाड गादीच्या रुंद, जुन्या खुर्चीत पसरला होता. ती खुर्ची सुताराच्या वडिलांनी केलेली.

"ऊठ," सुतार म्हणाला.

"अहो, ही माझी खुर्ची आहे."

"बाकीच्याही तुझ्याच आहेत. बस त्यातल्या एकीवर, बघू किती वेळ टिकतोस. आणि उद्या सकाळी मी करवत घेऊन येतोय. चाळिसांचे मागचे पाय दीड बोट कापणार, फुकट. नको असेल तर आत्ता सांग, या सगळ्यांच्या देखत सांग."

सगळी जेवणारी माणसं वळून बघत होती. कोपऱ्यातले एक आजोबा कमर चोळत म्हणाले, "तरीच." मालक उठला.

सुताराने ती जुनी खुर्ची उचलून आणली, ताईच्या मागे ठेवली. ती बसली. पाठ टेकली, पाय सैल सोडले, डोळे क्षणभर मिटले. सुताराला जरा हायसं वाटलं. आपण सुटलो, असंही वाटलं. तो पाणी आणायला वळला.

"कुठे निघालास?" ताईने विचारलं. आवाज चढला नव्हता, पण लहानपणी चोरी पकडल्यावर लागायचा तसाच लागला होता. "मी माझ्या कमरेला शिव्या घालत होते, आणि तू ऐकत बसला होतास."

तिने समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस तिथे. तुझ्या खुर्चीवर. मी दोन तास जेवणार आहे."

सुतार बसला. दहाव्या मिनिटाला तो पहिल्यांदा घसरला. ताईने सावकाश आणखी थोडा भात मागवला.