पिवळी पट्टी

बुधवारी सरावात नमिताचा डावा घोटा मुरगळला, आणि रविवारी रोह्याला कबड्डीची फायनल! जिल्ह्याचा संघ त्याच मैदानावर निवडणार होते. खेळायचं म्हणजे खेळायचं, दुसरं काही तिला सुचतच नव्हतं.

पेणच्या खाडीकाठच्या त्या गावात एकाचा पाय सुजला की अख्खं गाव वैद्य होतं. पहिली धावली धोंडुबाई, मिठाची गरम पोटली घेऊन. जन्म मिठागरात गेलेल्या बाईला दुसरं काय आठवणार! तिने असा शेक दिला की संध्याकाळपर्यंत घोट्याचा नारळ झाला. मग गिरजाकाकूने निरगुडीचा पाला बांधला, काळुरामने आंबेहळद थापली, कुणी होमिओपॅथीच्या गोड गोळ्या चारल्या. रोह्याला कंपनीत असलेल्या निलेशमामाने तर अ‍ॅक्युप्रेशरचा काटेरी लाकडी रूळच आणला. त्यावर तळवा फिरवताच नमिताने आळी डोक्यावर घेतली.

"दुखतंय म्हंजे गुण येतोय गो!" मामा म्हणाला.

गुण कसला डोंबलाचा! सूज वर चढत होती. शेवटी गुरुवारी तिची आई, सगुणा, मिठागरातून आली ती तशीच तिला पेणला डॉक्टरकडे घेऊन गेली. हिरवापिवळा पाय बघून डॉक्टर आधी हसले, मग रागावले. "ताज्या मुरगळीला शेक देतात का? हाड शाबूत आहे. बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा, पट्टी घट्ट बांधा. रविवारी दुखलं नाही तरच खेळायचं."

मासळीबाजारातून बर्फ आला. शनिवारी नमिता अंगणात उडी मारून ओरडली, "उतरली गो आये, सूज उतरली!"

आनंदावर विरजण घातलं ते मामाने. "फायनलला समोर असलेल्या रोह्याच्या संघातल्या प्रणिताला कळलंय," तो डोकं खाजवत म्हणाला. "मीच कंपनीत शिफ्टला बोललो. ती घोटाच धरते."

सगुणाने शांतपणे विचारलं, "कुठला पाय, ते सांगितलास?"

"नाय. ते कोण इचारतंय?"

रविवारी सगुणाने लेकीच्या डाव्या पायाला डॉक्टरची पट्टी बांधून वर मोजा चढवला. उजव्या पायातही मोजा, आणि त्याच्यावर हळदीने माखलेलं पिवळंजर्द फडकं. "मिठागरात मुकादमाला दुखरा पाय दिसला की तो घरी बसवतो," ती म्हणाली. "म्हणून दुखरा चिखलात बुडवायचा नि चांगला बांधावर ठेवायचा."

शेवटची चढाई. गुण बरोबरीत, मैदान नुसतं पेटलेलं. नमिता आत शिरली आणि पिवळा पाय मुद्दाम रेंगाळत ठेवला. प्रणिता झेपावली! नमिताने तो धडधाकट पाय विजेसारखा मागे ओढला, रिकाम्या मातीवर पडलेल्या प्रणिताच्या पाठीला हात लावला आणि मध्यरेषा गाठली. शिट्टी झाली. जिंकले!

जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव पुकारलं तेव्हा धोंडुबाई मिठाचं श्रेय घेत होती, मामा रुळाचं. नमिता धावली ती आईच्या पाया पडायला. रोजचं आखूड लुगडं सोडून सगुणा आज गोल पातळ नेसून आली होती. तिचा उजवा पाय पुढे होता, डावा मागे, पातळाच्या घोळात.

वाकलेली नमिता तशीच थांबली.

"आये, तो पाय दाव."

"बरा हाय गो."

नमिताने घोळ सारला. घोटा कुठे संपतो आणि पोटरी कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. रोज गुडघाभर चिखलाने माखून येणारे हे पाय तिने कधी नीट पाहिलेच नव्हते.

"कधीपासून?"

सगुणाने पातळाचा घोळ परत पायावर ओढला.

नमिताने तिला तिथेच मातीत बसवलं आणि तो पाय मांडीवर घेतला. आनंदाने रडावं की स्वतःला बडवावं, तिला कळेना. गावकरी गोळा झाले. धोंडुबाईने लगेच तोंड उघडलं, "मिठाची पोटली..."

"कोणी हात लावायचा नाय!" नमिता गरजली. मग आईकडे वळून म्हणाली, "उद्या तुझा खाडा. डॉक्टरकडं जायचं."