शहाण्णव बोल्टांना गंध

मला जैसलमेरच्या वाळूत बग्गीच्या, म्हणजे वाळूवर पळवायच्या उघड्या मोटारीच्या, रेसमध्ये उतरायचं होतं आणि नानांना मला उतरू द्यायचं नव्हतं. वर्षभर आमच्या घरात एवढाच विषय. नाना म्हणजे माझे वडील, रामकुंडावर पूजा सांगतात. धड हो म्हणेनात, धड नाही म्हणेनात. नुसतं 'बघू'. डोकं उठलं होतं माझं!

त्यात चाकांचा घोळ. वाळूत टायरमधली बरीचशी हवा सोडावी लागते, नाहीतर गाडी रुतते. पण हवा सोडली की वळणावर टायर रिमवरून निसटतो. म्हणून बीडलॉक चाकं घ्यायची. त्यात प्रत्येक टायरची कड बाहेरून एका कड्याखाली चोवीस बोल्टांनी आवळलेली असते. सातपूरचा रविराज ती बनवून द्यायला तयार होता. मजबूत, पण काळी आणि ओबडधोबड. माझा भाऊ शौनक मात्र ऑनलाइन दिसलेल्या चकचकीत चाकांवर भाळला. "ताई, फोटोत काय दिसतील!" मी रेसला निघाले होते की लग्नाला? पण मीही भाळलेच, खोटं कशाला बोलू.

ती चकचकीत चाकं मागवली, बसवली. अंबडच्या शेडमधून बग्गी चाचणीला काढणार, तोच नाना ताम्हन घेऊन हजर. मागे आई, हातात नारळ. "पूजा झाल्याशिवाय गाडी हलायची नाही." बरं, करा म्हटलं. तर नाना एकेका बोल्टाला वेगळं गंध लावायला बसले! चार चाकं, शहाण्णव बोल्ट.

"नाना, एकालाच लावा, बाकीच्यांना पोचेल," मी करवादले. ऐकतील तर ना.

दुसऱ्या चाकावर त्यांनी एक बोल्ट जरा दाबून पुसला आणि तो टपकन ताम्हनात पडला.

"अगंबाई, अपशकुन!" आईनं नारळ खाली ठेवला. "संपदा, आता नाही हं जायचं."

नानांना हवं होतं ते कारण आयतं त्यांच्या पुढ्यात पडलं होतं. संपलं सगळं.

नानांनी बोल्ट उचलला, चष्मा कपाळावर सारून निरखला, नखानं खरवडला. "याला आटेच नाहीत. मागे गोंद आहे." दुसरा ओढला, तोही हातात आला. आवळणं वगैरे काही नाही, सगळे शोभेचे!

"अपशकुन कसला गं," नाना आईला म्हणाले, "भिकार माल आहे हा! शौनक, त्या सातपूरवाल्याला फोन कर."

चार दिवसांनी रविराज काळी चाकं घेऊन आला. टायर चढवले आणि नानांनी त्याच्या हातातला टॉर्क पाना मागून घेतला. नेमका जोर लागून पाना टक् वाजेपर्यंत एकेक बोल्ट आवळू लागले.

"त्या दिवशी चांगलं कारण मिळालं होतं मला," ते मान वर न करता म्हणाले. "वापरवलं नाही गं. तुझ्यासाठी फार भीती वाटते, म्हणून अडवत होतो." मला रडूच फुटलं.

"काका, वाळूत पळवली की हे परत तपासावे लागतात हं," रविराज म्हणाला. "दर फेरीनंतर."

नाना थांबले. "तिथे कोण तपासणार?"

"असेल एखादा मेकॅनिक," शौनक म्हणाला.

"एखादा? नको. मी येतो. तिथे सोवळ्यातलं जेवण मिळतं का, तेवढं बघ."

वर्षभर मी त्यांच्याकडे परवानगी मागत होते. आता त्यांना नको म्हणायची माझीच छाती होईना.