बहात्तर किलो

बाबा इंजिनं छळायचे. ते काय करतात असं कुणी विचारलं, की आई एवढंच सांगायची. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत जाड काचेपलीकडे एक इंजिन लोखंडी चौकटीला जखडलेलं असे. काचेच्या अलीकडे खुर्चीत बसून बाबा त्याला शर्यतीतल्यासारखं पळवत, ते कधी मोडेल हे आधी कळावं म्हणून. आतली बारीक खडखड सेन्सरच्या आधी त्यांना ऐकू यायची. सगळे त्यांना कानसेन म्हणत.

मीही तिथेच लागले. शर्यतीच्या दिवशी इंजिन किती ताकदीने चालवायचं, म्हणजे कोणता मोड लावायचा, ते ठरवणं माझं काम.

पूर्वी ते सोपं होतं. शनिवारी क्वालिफाइंग, म्हणजे रविवारी कोण कुठल्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी वेगवान फेरी. तेवढ्यापुरता आम्ही आठ नंबरचा मोड द्यायचो आणि शर्यतीला चारवर आणायचो. त्या वर्षी हंगामाच्या मधल्या सुट्टीत नियम आला. क्वालिफाइंगला जो मोड लावाल तोच शर्यत संपेपर्यंत, एक आकडाही खाली-वर नाही. पत्र वाचून साहेब म्हणाले, "झालं. आता लग्नाच्या कपड्यांतच संसार करायचा."

पाच नंबर टिकत होता, पण पाचवर आम्ही शेवटच्या रांगेत उभे राहिलो असतो. सहा टिकेल का, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते कळायला तीन आठवडे होते.

बाबांची पूर्ण ताकदीची चाचणी आधी पाच-सात मिनिटांची असायची. आता अख्खी शर्यत सहावर काढायची होती. अठ्ठ्याण्णव मिनिटं, सलग, दिवसातून दोनदा. इंजिन चालू असताना खुर्ची सोडायची नाही हा त्या खोलीचा पहिला नियम, आणि सहावर दुसऱ्या कुणाच्या कानावर विसंबायला बाबा तयार नव्हते. तशी त्यांची मागणी मीच साहेबांकडे नेली होती. मलाही दुसरं कुणी नको होतं.

बाबांचं हृदय दोन वर्षांपासून दमलेलं होतं. अंगात पाणी साचू नये म्हणून सकाळी एक गोळी असायची, आणि ती घेतली की दुपारपर्यंत दर अर्ध्या तासाने बाथरूम. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की रोज वजन करा, तीन-चार दिवसांत दोन किलो वाढलं तर तडक घेऊन या. आईने ते काम अंगावर घेतलं. बाबा काट्यावर उभे राहून हाक मारायचे, आई चष्मा लावून वाकायची आणि आकडा वहीत लिहायची. "रोज पायाशी वाकायला लावतोय तुझ्या आईला," बाबा मला म्हणायचे. "आयुष्यात पहिल्यांदाच." आई म्हणायची, "तुमच्या नाही, काट्याच्या."

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होते. बाबांनी बुटांच्या नाड्या काढून टाकल्या, तेही मी पाहिलं. ते उशांना टेकून, जवळजवळ बसूनच झोपू लागले, तेही पाहिलं. आई म्हणाली, वजन तर बहात्तरच आहे. मी कामाला गेले.

शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी दुपारी मला विमानाने निघायचं होतं. बॅग किती भरतेय ते बघायला मी काट्यावर उभी राहिले, आधी नुसतीच. साडेपंचावन्न. मी वर्षानुवर्षं एकोणसाठची. आधी बरं वाटलं. मग खाली उतरले, आणि काटा शून्यावर न थांबता शून्याच्या मागे गेला. खालच्या कडेला शून्य जुळवायचं छोटं चाक असतं. ते फिरवलेलं होतं.

मी वही उघडली. सुरुवातीची पानं खरी होती. एकाहत्तर, बहात्तर पॉइंट चार, पुन्हा एकाहत्तर. नियम आला त्या आठवड्यापासून मात्र रोज बहात्तर. ओळीने, आईच्या गोल अक्षरात.

तीनच दिवसांपूर्वी, सोमवारी, मी एक सेन्सर काढायला लावला होता, कारण तेलाचं तापमान त्याने सलग तीन फेऱ्या तेच दाखवलं होतं. हे मला बाबांनीच शिकवलं होतं. जो आकडा हलत नाही तो काही मोजत नाही, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

चाचणीच्या खोलीतला फोन कुणी उचलला नाही. मी टॅक्सीने पोचले तेव्हा घड्याळात एक्याऐंशी मिनिटं झाली होती. बाबा खुर्चीत पुढे वाकून बसले होते. ओठ राखाडी, पाय सुजून बुटांतून वर आलेले. श्वास ते तोंडाने घेत होते. साहेब मागे उभे होते. त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं.

"गोळी कधीपासून बंद आहे?" मी विचारलं.

बाबांनी मान वळवली नाही. ऐकत होते ना. "सतरा मिनिटं," ते म्हणाले. "मग तू सांगशील तिथे येतो."

दाराशेजारी लाल बटण असतं. ते कुणीही दाबू शकतं. मी त्यावर अंगठा ठेवला. बाबांसाठी थांबले असं मी नंतर काहींना सांगितलं. पण मलाही तो आकडा हवा होता.

अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला त्यांनी इंजिन बंद केलं. "सहा," ते म्हणाले. "लाव." मग उठायला गेले आणि त्यांना उठता आलं नाही.

मी शर्यतीला गेले नाही. सतरा मिनिटांनी काही फरक पडला नसता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन आठवडे आधी आणायला हवं होतं. शनिवारी साहेबांचा फोन आला, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून सहा सांगितलं. रविवारी सकाळी बाबा गेले. गाडी दुपारी सातवी आली. इंजिन टिकलं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच गोष्ट सांगत होती. "वजन पाव किलोनंसुद्धा वाढलं नव्हतं हो. मी रोज बघत होते." तिला तेवढाच आधार होता. काट्याचं चाक मी जागेवर आणलं नाही. तो कपाटाखाली सरकवून ठेवला, कुणी विचारणार नाही असं धरून.

महिनाभराने मी कपडे घडी करत होते. बाथरूममधून हाक आली. बाबा मारायचे तशीच, काट्यावर उभं राहून.

"अगं, इकडे ये. मी साडेतीन किलो उतरले बघ. ब्लाउज तर सगळे घट्टच होतायत."

मी दारात उभी राहिले. काटा तिने कपाटाखालून ओढून काढला होता. हो म्हणता आलं असतं. जेवत नाहीस नीट, असं रागावता आलं असतं. तिने खाली पाहिलं, मग माझ्याकडे. तीस वर्षं ती बाबांबरोबर राहिली होती.

"काटा चुकीचा आहे, आई."

ती उतरली नाही. एक हात तिने बेसिनवर ठेवला.

"कधीपासून?"

मी वही आणली, ते पान उघडलं आणि पहिल्या बहात्तरवर बोट ठेवलं.