न सोडवलेल्या प्रश्नाचे दहा मार्क

सत्तावीस वर्षं मी सोलापुरात नववी-दहावीला गणित शिकवतोय. मोहोळकर सर अर्धा मार्कसुद्धा फुकट देत नाहीत, अशी माझी ख्याती आहे आणि मला तिचा अभिमान आहे. एकदा एकाला पास व्हायला एक मार्क कमी पडला म्हणून त्याचे काका पेढे घेऊन घरी आले. मी पेपर पुन्हा तपासला आणि आणखी अर्धा मार्क कापला. अशा माणसाला स्वतःच्या मुलीसाठी एक कॉलेज निवडता येऊ नये, याचा मला भयंकर राग येत होता.

ज्ञानदाला सीईटीत अठ्ठ्याऐंशी पर्सेंटाइल पडले. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे मी निदान वीस जणांना समजावलं आणि विसाव्यापर्यंत माझाच गोंधळ उडाला. ऑप्शन फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते. एकट्या महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची कॉलेजं शेकड्यांनी, प्रत्येकात पाच-सहा शाखा, प्रत्येक शाखेचा कट-ऑफ वेगळा, त्यात मुलींचा वेगळा, गेल्या वर्षीच्या दुसऱ्या फेरीचा आणखी वेगळा. शिवाय नियम असा की, यादीत पहिल्या नंबरावर लिहिलेलं कॉलेज मिळालं तर तेच घ्यायचं, मागे फिरता येत नाही. म्हणजे सगळा खेळ त्या पहिल्या ओळीचा होता.

गाळत गाळत आम्ही तीनवर आलो. सोलापूरचं, पुण्याचं आणि सांगलीचं. बाहेरची दोन मी आणि ज्ञानदा जाऊन पाहून आलो. दोन्हीकडे तेच काचेचं रिसेप्शन, त्याच हसऱ्या मुलामुलींची पुस्तिका आणि नोकरीची तीच हमी. घरी आल्यावर बंद लिफ्ट पुण्यात होती की सांगलीत, तेही मला आठवेना.

भीमाशंकर आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात, मूळचे अक्कलकोटकडचे. ते स्टाफरूममध्ये म्हणाले, "सर, लई डोकं लावू नका. पुणं टाका की पैलं. हितं ऱ्हाऊन पोरगी काय करनार हाय?"

"आणि कॉम्प्युटर नाही मिळालं तर?"

"मग शाखा कुटली का असंना, पुणं ते पुणं!"

दुसऱ्या दिवशी तेच भीमाशंकर म्हणाले, "शाखा महत्त्वाची, सर. गावाचं काय घेऊन बसलाय?" मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

शेवटी मला माझा मार्ग सापडला. पेपर तपासायचा. आखीव कागद घेतला, तिन्ही कॉलेजांना शंभर मार्कांची परीक्षा लावली. शिक्षकांना वीस, प्रयोगशाळेला वीस, नोकऱ्यांना वीस, प्रवेश मिळण्याच्या शक्यतेला पंधरा, जाण्यायेण्याला पंधरा, हॉस्टेलला दहा. तीन तास लागले. सोलापूर चौऱ्याहत्तर, पुणे एक्काहत्तर, सांगली अडुसष्ट.

यशोदा, माझी बायको, मेथी निवडत होती. कागदाकडे न बघताच म्हणाली, "सोलापूर पहिलं आलं ना?"

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही तपासताय म्हटल्यावर दुसरं कोण येणार?"

मला ते लागलं. मी सोलापूरच्या नोकऱ्यांचे दोन मार्क कापले. बहात्तर. तरीही पहिलंच आलं. पुन्हा सगळी बेरीज केली, खालून वर, वरून खाली. एका मार्काने का होईना, सोलापूरच पुढे. मला हायसं वाटलं, आणि हायसं का वाटावं हे मात्र कळेना.

शेवटच्या दिवशी पाच वाजता फॉर्म बंद होणार होता. दुपारी तीनला ज्ञानदा लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. मी तक्ता तिच्यापुढे ठेवला. दहावीला ती माझ्याच वर्गात होती, त्यामुळे माझी पद्धत तिला पाठ आहे. तिने बोट खाली खाली नेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"बाबा, हॉस्टेलचे सोलापूरला दहापैकी दहा?"

"तू घरी राहणार. हॉस्टेलचा प्रश्नच येत नाही. मग पैकीच्या पैकी."

"म्हणजे हा प्रश्न सोलापूरने सोडवलाच नाही."

मी तक्ता माझ्याकडे ओढला.

"न सोडवलेल्या प्रश्नाला तुम्ही मार्क देता?" ती हसत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "वर्गात तर तुम्ही शून्य द्यायचात. मलासुद्धा दिलंय."

मी लाल पेन उचललं. दहावर काट मारली, शून्य लिहिलं. सोलापूर बासष्ट, तिसरं. सत्तावीस वर्षांत कुणालाही न दिलेले मार्क मी दिले होते आणि देताना मला कळलंसुद्धा नव्हतं.

अनीश, आमचा थोरला, सात वर्षांपूर्वी पुण्याला शिकायला गेला. तिथून बंगळुरूला, तिथून जर्मनीला. रविवारी व्हिडिओ कॉल येतो. 'जेवलात का' विचारतो, आम्ही 'जेवलो' म्हणतो, मग तिघेही एकमेकांकडे बघत बसतो. त्याच्या वेळी मी तक्ता केला नव्हता. पुणे म्हणाला, पुणे लिहिलं. आता ज्ञानदानं जाऊ नये असं मला वाटत होतं. खरं कारण एवढंच होतं, आणि ते कुठल्याच रकान्यात नव्हतं.

"मग पुणं लिही पहिलं," मी म्हणालो. "एक्काहत्तर आहेत त्याला."

तिने लिहिलं नाही.

"तुला काय हवंय, ज्ञानदा?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "हे आत्तापर्यंत कुणी विचारलंच नाही, त्यामुळे मीपण विचार केला नाही." मग जरा थांबून म्हणाली, "सांगलीच्या लायब्ररीत एक मुलगी पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती, बघितलीत तुम्ही?"

मी बघितली नव्हती. मी तेव्हा पुस्तकांची संख्या टिपून घेत होतो.

"लायब्ररीतल्या बाईंनी तिला उठवलं नाही. उलट तिच्यावरचा पंखा हळू केला. मला तिथं बसावंसं वाटलं."

"याला मार्क किती द्यायचे?" मी खरंच विचारलं. कुठल्या रकान्यात घालायचं तेच मला समजेना.

"मला काय माहीत, बाबा?" ती वैतागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "कदाचित चुकतही असेन मी."

यशोदा दारात येऊन उभी होती. ज्ञानदाने एक नंबरला सांगली लिहिलं, दोनला पुणे, तीनला सोलापूर. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. फॉर्म लॉक करायला ओटीपी लागतो, आणि तो माझ्या मोबाइलवर येणार होता.

मोबाइल वाजला. मी आकडे वाचून दाखवले. तिने टाइप केले.

"चुकीचा म्हणतंय."

तिने उठून माझ्या हातातला मोबाइल पाहिला. शेवटचे दोन आकडे मी उलटे वाचले होते. एकोणसाठऐवजी पंच्याण्णव. जन्म गेला आकड्यांत, असं कधी झालं नव्हतं. मुद्दाम केलं का, तर नाही. पण नाही असं छातीठोकपणे सांगताही येईना.

ती रागावली नाही. मोबाइल तिने घेतलासुद्धा नाही, माझ्याच हातात राहू दिला. परत जाग्यावर बसली.

"दुसरा मागवलाय," ती म्हणाली. "तुम्हीच वाचा, बाबा. सावकाश वाचा."

मी चष्मा पुसला, परत घातला. मोबाइल वाजला. या वेळी मी एकेक आकडा सुटा वाचला, आणि सहावा वाचून झाल्यावरही बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिलो.